धिप्पाड

तळमजल्यावर लिफ्ट थांबली, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आत आल्या, त्यांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि खांद्यावरची पर्स काढून भिंतीकडच्या खांद्यावर घेतली. झालं ते एवढंच. तो खालून, गाड्या लावायच्या तळघरातून आला होता. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, अंगात काळं चामड्याचं जाकीट, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटची काच खाली. त्याने नेहमीसारखं 'गुडघा काय म्हणतोय' असं विचारलं, म्हणजे विचारायला तोंड उघडलं, पण आवाज हेल्मेटच्या आतच घुटमळला आणि काचेवर वाफ धरली. बाईंनी तीनच्या बटणाकडे नेलेलं बोट मागे घेतलं, दोनचं बटण दाबलं आणि दुसऱ्या मजल्यावर दार पुरतं उघडायच्या आत त्या बाहेर पडल्या. लिफ्ट पुन्हा वर निघाली तेव्हा जिन्यावरून त्यांच्या पायांचा आवाज आला. एक पाय, मग थांबणं, मग दुसरा. गुडघा एवढा दुखत असताना बाई एक मजला चालत का चढतायत ते त्याला कळेना. मग त्याचं लक्ष लिफ्टच्या चकचकीत पत्र्याकडे गेलं. तिथे एक काळाकुट्ट, बिनचेहऱ्याचा माणूस उभा होता. त्याने दचकून मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

पाचव्या मजल्यावर घरात शिरून त्याने पिशव्या ओट्यावर ठेवल्या. बायको म्हणाली, "अहो, टोमॅटो दाबून बघितले होते का? की दुकानदाराने दिले आणि आपण घेतले?" तो म्हणाला, "बघितले." बघितले नव्हते. एरवी त्याने लिफ्टमधली गंमत लगेच सांगितली असती, कारण घरात सांगण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नसे आणि जे असे ते तो जपून, पुरवून सांगे. पण आज त्याने जाकीट खुंटीला अडकवलं, हेल्मेट कपाटावर ठेवलं आणि तो सरळ हात धुवायला गेला. बाई आपल्याला घाबरल्या, हे त्याने मनात एकदा म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. आपल्याला. हात धुताना त्याने आरशात पाहिलं तर तिथे रोजचाच माणूस होता: पुढचे केस विरळ, नाकावर चष्म्याचे दोन लाल ठसे, हनुवटी जरा आत गेलेली. या माणसाला आजवर कुत्रंदेखील घाबरलं नव्हतं.

हेल्मेट डोक्यावर ठेवून घरापर्यंत यायची त्याची सवय तिकडची, आपल्या देशातली. तिकडे मोटरसायकलवरून उतरलेल्या माणसाच्या दोन्ही हातांत काही ना काही असणारच, आणि मग हेल्मेट ठेवायला डोक्याइतकी सोयीची जागा दुसरी कुठली? किराणा दुकानात, पोस्टात, दवाखान्यात, लोक हेल्मेटसकट जात आणि काच वर करून बोलत. कोणाला त्यात काही वाटत नसे. तिकडे मोटरसायकल म्हणजे घरातलंच एक माणूस. ती कारकुनाची असे, शिकवण्या घेणाऱ्या मास्तरांची असे, दूधवाल्याची असे. वडिलांच्या गाडीवर तो टाकीवर बसे, मागे आई एका अंगाने, आणि आईच्या आणि वडिलांच्या मध्ये बहीण अशी चेपून बसवलेली की तिच्या केसांची वेणी नेहमी चपटी. पुढे त्याची स्वतःची गाडी झाली तेव्हा तिच्यावरून त्याने गॅसचं सिलिंडर आणलं, गादी आणली, शिवणयंत्र आणलं. एकदा कपाटाचा उभा आरसा आणला होता. नवी नवी लग्न झालेली बायको मागे तो आरसा दोन्ही हातांनी धरून बसलेली, आणि मागून येणारा अख्खा रस्ता त्या आरशात स्वतःला बघत येत होता. सिग्नलला एका रिक्षावाल्याने त्यात बघून भांग पाडला. मोटरसायकलवाल्याला घाबरायचं म्हटलं असतं तर तिकडे लोकांना आपल्या बापालाच घाबरावं लागलं असतं. अर्थात काहीजण घाबरतही, पण ते मोटरसायकलमुळे नव्हे.

इकडे आल्यावर बरीच वर्षं तो बसने फिरला. मग तो कामाला होता त्या दातांच्या लॅबमधल्या एका मिशीवाल्याने आपली मोठी गाडी विकायला काढली आणि याने ती घेतली, बरोबर त्याचं जुनं जाकीटही. "या वयात?" बायको म्हणाली. मग एकदा मागे बसली, कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाऊन आली आणि "आपली तिकडची बरी होती, हिच्यावर पाय ठेवायला नीट जागा नाही," एवढं बोलून तिने विषय संपवला. पहिल्याच दिवशी समोरून येणाऱ्या एका मोटरसायकलवाल्याने डावा हात खाली करून त्याला काहीतरी खूण केली. याने घाबरून गाडी कडेला घेतली आणि खाली वाकून पाहिलं. साइड स्टँड तर वर होता. तिकडे रस्त्यात कोणी हातवारे केले की त्याचे अर्थ दोनच, एक तर स्टँड खाली राहिलाय किंवा मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात जातोय. पुढे आणखी एकाने तशीच खूण केली. याने पुन्हा गाडी थांबवली, पुन्हा स्टँड पाहिला. दुसऱ्या दिवशी मिशीवाल्याला विचारलं तेव्हा तो हसता हसता प्लॅस्टरच्या पोत्यावर बसला. "अरे बाबा, ते नमस्कार करत होते. इथे आम्ही एकमेकांना करतो. आम्हाला बाकी कोण करतंय?" मग त्याने समजावून सांगितलं की इथे लोक मोटरसायकलवाला पाहिला की पोरांचा हात धरतात. एक तर हा गुंड असणार, नाहीतर श्रीमंताचा वाया गेलेला मुलगा. मिशीवाला स्वतः दोन मांजरी पाळून होता आणि त्यांना खायला घालायला वेळेवर घरी जायचा. त्याच्या टोळीत एक बालवाडीची बाई होती, एक पियानो दुरुस्त करणारा आणि एक निवृत्त टपालवाला. रविवारी हे सगळे काळ्या जाकिटांत प्रचंड आवाज करत टेकडीवर जात आणि तिथे गवतावर बसून थर्मासमधला चहा पीत.

तेव्हा त्याला हे सगळं नुसतं मजेदार वाटलं होतं. आता लिफ्टमधल्या प्रसंगानंतर, लॅबमध्ये मेणाच्या गुलाबी पट्टीत दात बसवताना, ते त्याला वेगळं वाटू लागलं. तो कवळ्या बनवायचा. दवाखान्यातून कोणाच्या तरी तोंडाचे साचे यायचे, त्यावरून प्लॅस्टरचे जबडे ओतायचे, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा, आणि तयार झालेली कवळी डबीत घालून दवाखान्यात पाठवायची. ज्यांची ती असे त्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांनी त्याला. कवळी टोचली तर दंतवैद्य फोनवर ओरडायचा आणि हा ऐकून घ्यायचा, कधी कधी चूक दंतवैद्याचीच असली तरी. ऐकून घेणं हा त्याचा जन्माचा धंदा होता. शाळेत एकदा मास्तरांनी त्याला फळ्यावर दंगा करणाऱ्यांची नावं लिहायला उभं केलं तर वर्गातल्या मुलांनी त्याच्याच हातून त्याचंच नाव लिहून घेतलं. मोठा भाऊ प्रत्येक वाटणीच्या वेळी "तू काय, तू समजूतदार आहेस" म्हणायचा आणि मोठा तुकडा उचलायचा. मुलगी लहान असताना बायको तिला धाक घालायची, "थांब, बाबांना सांगते," आणि पोरगी खुदकन हसून त्याच्याच मांडीवर येऊन बसायची. रांगेत लोक त्याच्या पुढे सहज घुसत. ते मुद्दाम करत नसत, त्यांना तिथे कोणी उभं आहे हे खरोखरच जाणवत नसे. त्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं आणि त्याला त्याचं फारसं दुःखही नव्हतं. म्हणजे नव्हतं असं तो समजत होता. पण त्या बाईंनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, ही गोष्ट खरी होती आणि ती लपवायची तर निदान स्वतःपासून तरी लपत नव्हती.

त्यानंतर तो औषधाच्या दुकानात गेला तेव्हा त्याने काच वर केली नाही. करायला विसरला असं त्याने स्वतःला सांगितलं. रांगेतली दोन माणसं मागे वळून बघून किंचित बाजूला झाली. एरवी त्यालाच आधी बोलावं लागे, आज दुकानातल्या मुलीनेच आधी विचारलं, "आपल्याला काय हवंय?" त्याने बोटाने खोकल्याचं औषध दाखवलं. आवाज काढला असता तर सगळाच डाव फसला असता, कारण त्याचा आवाज बारीक होता आणि प्रत्येक वाक्य 'नाही म्हणजे' असं सुरू व्हायचं. बाहेर येऊन गाडीवर बसताना त्याच्या लक्षात आलं की आपण हळू चालतोय. पाय जरा फाकवून, खांदे रुंद करून. जाकीट मिशीवाल्याच्या मापाचं होतं, त्यामुळे खांद्यांत जागा होतीच, ती त्याने भरून काढायला घेतली होती. रस्त्यावर एक मोटरवाला पुढे घुसायला बघत होता, याने नुसती मान वळवून काळी काच त्याच्याकडे केली आणि मोटर मागे राहिली. इतकं सोपं होतं तर. आयुष्यभर लोक ज्या गोष्टी ओरडून, भांडून, शिव्या देऊन मिळवतात त्या नुसती मान वळवून मिळत होत्या. त्याला मोठ्या भावाची आठवण झाली आणि ही काच त्या वाटणीच्या दिवशी आपल्याकडे असती तर काय बहार झाली असती असं वाटून तो हेल्मेटमध्ये एकटाच हसला.

बाई पुन्हा लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा त्याच्या हातांत काहीच नव्हतं. हे त्याला पुढेही लख्ख आठवत राहिलं. दोन्ही हात रिकामे होते, हेल्मेट काढायला क्षणभर पुरला असता, 'अहो, मीच आहे, पाचव्या मजल्यावरचा' असं म्हणून दोघं हसली असती. त्याऐवजी तो लिफ्टच्या मधोमध उभा राहिला. बाई कोपऱ्यात सरकल्या. त्यांच्या कोटाच्या वरच्या बटणावर त्यांचा हात होता आणि लागलेलंच बटण त्या पुन्हा पुन्हा लावत होत्या. त्यांच्या केसांना साबणाचा वास येत होता, काचेच्या फटीतून तो आत येत होता. याच बाईंनी, हे दोघं इथे नवे होते तेव्हा, कचरा कुठल्या डब्यात टाकायचा ते दाखवलं होतं, बायकोला तापात सूप आणून दिलं होतं, आणि आजही दर शनिवारी त्या चहाला येत, बायकोला इथली भाषा शिकवत आणि बायको त्यांच्या लोकरी स्वेटरांची उसवलेली कोपरं विणून देई. हे सगळं त्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो हलला नाही. एकीकडे हेल्मेट काढावंसं वाटत होतं आणि पाठ मात्र ताठ झाली होती, आणि यातलं नेमकं काय खरं ते त्याला सांगता आलं नसतं. बाई पुन्हा दुसऱ्या मजल्यावर उतरल्या. त्याच्या नंतरच्या खेपेला तर त्या लिफ्टमध्ये आल्याच नाहीत. दार उघडलं, तो दिसला, आणि त्यांनी हातानेच 'तुम्ही जा' असं केलं. तो एकटा वर गेला, पाच मजले, एखाद्या मंत्र्यासारखा.

बायकोकडून त्याला स्वतःचं वर्णन ऐकायला मिळालं. "अहो, ऐकलंत का? खालच्या बाई सांगत होत्या, आपल्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी गुंड येतोय म्हणे. मोटरसायकलवाला." तो वर्तमानपत्र वाचत होता, त्याने ते खाली केलं नाही. "कसा आहे?" "चांगला धिप्पाड आहे म्हणाल्या. काळा कोट, हातात लोखंडी साखळी. बोलत नाही, नुसता बघतो." साखळी त्याच्या गाडीच्या कुलपाची होती, शेवटच्या खेपेला तेवढी ती त्याच्या हातात होती. "किती उंच?" त्याने विचारलं. "लिफ्टमधून वाकून बाहेर पडतो म्हणे," बायको म्हणाली, आणि त्याला वर्तमानपत्रामागे हसू आवरेना. उंचीला तो बायकोपेक्षा दोन बोटं कमी होता. त्यांच्या लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने त्याला पाटावर उभं केलं होतं. बायकोच्या डोक्यात क्षणभरही आलं नाही की हा आपलाच नवरा असेल. तिच्या लेखी त्याचं हेल्मेट म्हणजे कपाटावर धूळ खात पडणारी आणि शनिवारी पुसावी लागणारी एक वस्तू. त्याला याचा आनंद झाला, आणि थोड्या वेळाने त्याचाच राग आला. माणसाच्या घरात एक धिप्पाड गुंड राहतो आणि बायकोला त्याचा पत्ता नसावा, म्हणजे काय? धिप्पाड, तो मनाशी म्हणाला. हा शब्द त्याच्या बाबतीत आजवर कोणी वापरला नव्हता, आणि वापरला तो बिचाऱ्या एका म्हातारीने, इथल्या भाषेत, आणि बायकोने तो आपल्या भाषेत आणला. तेवढ्या प्रवासात शब्द जरासुद्धा आखडला नव्हता.

पुढच्या शनिवारी बाई चहाला आल्या नाहीत. बायको खाली जाऊन आली आणि गंभीर चेहऱ्याने खुर्चीत बसली. "त्या घर सोडतायत हो." बाईंचा मुलगा गेली काही वर्षं त्यांच्या मागे लागला होता. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा होती, तिथे डॉक्टर असतो, नर्स असते, जेवण हातात मिळतं, आई तिथे गेली की त्याच्या जिवाला घोर राहणार नाही. बाई दर वेळी त्याला वाटेला लावत. याच घरात त्यांचा नवरा गेला होता, गॅलरीतली झाडं त्याने लावलेली होती आणि माझं इथे काय अडतंय, शेजार चांगला आहे, असं त्या म्हणत. आता त्या संध्याकाळच्या बाहेर पडेनाशा झाल्या होत्या. भाजी आणायला सकाळी, तीही जिन्याने. "म्हणतात, त्या जागेत निदान लिफ्टमध्ये तरी कोणी भेटणार नाही. मुलाला परवा हो सांगणार होत्या, मी म्हटलं थोडं थांबा. पुढच्या रविवारपर्यंत थांबतील. तुम्ही राखणदाराशी बोला ना, या गुंडाचं काहीतरी करायला हवं." "बोलतो," तो म्हणाला. बोलणार काय, डोंबल! त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्याने सोपा मार्ग धरला. दुसऱ्या दिवसापासून तो तळघरातच हेल्मेट काढू लागला, जाकीट घडी करून पिशवीत घालू लागला. गुंड नाहीसा झाला की भीती नाहीशी होईल, असा त्याचा सरळ हिशेब होता. सरळ हिशेब त्याला नेहमीच आवडत आले होते. पण बायकोने सांगितलं, "बाई म्हणतात, आता तो दिसत नाही म्हणजे कुठेतरी दबा धरून बसलाय." जो दिसत होता तो निदान लिफ्टमध्ये होता, आता तो जिन्याच्या वळणावर, तळघरात, दाराबाहेर, सगळीकडे होता. त्याने बाईंच्या डोक्यात एक माणूस सोडला होता आणि तो परत बोलावता येत नव्हता. आणि मग एका संध्याकाळी तो बोडक्या डोक्याने, पिशवी हातात धरून तळमजल्यावर लिफ्टची वाट बघत उभा असताना मागून कोणीतरी त्याचा दंड धरला. बाई होत्या. कुठेतरी अडकून उशीर झाला असावा, आणि सोबतीची वाट बघत दरवाजाच्या आत बराच वेळ उभ्या असाव्यात. "बरं झालं तुम्ही आलात," त्या म्हणाल्या. "तुमच्याबरोबर जाते. तुम्ही असलात की मला भीती वाटत नाही." लिफ्ट वर जाईपर्यंत त्यांनी त्याचा दंड सोडला नाही. त्यांचं वजन जवळजवळ सगळं त्याच्या हातावर होतं. त्याच्या दुसऱ्या हातातल्या पिशवीत हेल्मेट होतं आणि ते पोटरीला लागत होतं. त्याला लाज वाटली, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं अशी लाज वाटली. पण त्याबरोबर, आणि हेच त्याला नंतर झोपू देईना, त्याला अपमानही वाटला. तुम्ही असलात की भीती वाटत नाही. म्हणजे काय? बाई, तुम्हाला घाम फोडला तो मीच. तुम्ही जिच्यामुळे घर सोडायला निघालात ती भीती माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. हे त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. तिसऱ्या मजल्यावर बाईंनी त्याचा दंड थोपटला, एखाद्या शहाण्या मुलाचा थोपटावा तसा, आणि त्या आत गेल्या.

मग पुढचे दिवस तो लॅबमध्ये जबड्यांशी बोलत बसला. दोन गोष्टी होत्या. गप्प राहिलं तर बाई जाणार, गॅलरीतली झाडं मुलगा कोणाला तरी देऊन टाकणार, बायको शनिवारी दोनच्या ऐवजी एकच कप काढणार, आणि तो धिप्पाड राहणार, निदान एका माणसाच्या मनात, मरेपर्यंत. सांगितलं तर बाई राहतील, पण त्यांना कळेल की तो बटणावरचा हात त्याने काचेतून पाहिला होता आणि तरी तो उभा राहिला होता. बायकोला कळेल. चुकून झालं म्हणावं तर पहिल्या वेळेपुरतं ते खरं होतं, पुढच्या वेळी रिकाम्या हातांचं काय सांगणार? त्याने मिशीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला बघून कोणी घाबरलं तर तुला कसं वाटतं?" मिशीवाला एका दाताला घासून आकार देत होता. तो थांबला. "पहिल्यांदा बरं वाटतं," तो म्हणाला. "मग बेकरीतली बाई उरलेले पैसे हातात न देता काउंटरवर ठेवते. रोज. मग नाही बरं वाटत." त्याने पुन्हा मशीन चालू केलं. त्या घरघरीत याने मनातल्या मनात बरीच वाक्यं जुळवली आणि सगळी 'नाही म्हणजे' ने सुरू होत होती, म्हणून टाकून दिली. पण शनिवार उजाडला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला हलकं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाचं ऐकून घ्यायला नव्हे, ऐकवायला निघाला होता.

बायकोने बाईंना स्वतः खाली जाऊन, हात धरून वर आणलं होतं. उद्या मुलगा येणार होता. दोघी टेबलाशी बसल्या होत्या, मध्ये लोकरीचा गुंडा, आणि बाई गॅलरीतली कुठली कुंडी बायकोने ठेवून घ्यायची ते सांगत होत्या. तो आतल्या खोलीत गेला. जाकीट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, हेल्मेट घातलं, काच खाली केली. हातात साखळीसुद्धा घेतली, करायचं तर पुरतं करायचं. आणि तो बाहेर येऊन दिवाणखान्याच्या दारात उभा राहिला. बाईंनी वर पाहिलं. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो त्याने लिफ्टमध्ये कधी ऐकला नव्हता. तिथे त्यांनी तो दाबून धरला असणार. खुर्ची मागे सरकली. बायको मात्र सुईवरून नजर न हलवता म्हणाली, "आता कुठे निघालात? चहा होतोय ना." मग तिने बाईंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिच्या हातातलं विणकाम खाली आलं.

त्याने हेल्मेट काढलं. कानांवर अडकलं, ओढून काढावं लागलं, चष्मा वाकडा झाला. "मीच आहे तो," तो इथल्या भाषेत म्हणाला. "पहिल्यांदा माझ्या हातांत पिशव्या होत्या. मला माहीत नव्हतं. नंतर माहीत होतं."

"अहो!" बायको म्हणाली. एवढंच, पण त्यात सगळं होतं.

भीती बाईंच्या चेहऱ्यावरून लगेच गेली नाही, ती हळूहळू उतरली आणि तिच्या जागी काय येतंय ते तो बघत राहिला. "मी जिना चढत होते," त्या शेवटी म्हणाल्या. "हो." "तुम्हाला ऐकू येत होतं?" "येत होतं." "मग का?" त्याला जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "बरं वाटत होतं," तो म्हणाला. "मला कोणी घाबरत नाही." ते बाहेर पडलं आणि खोलीत तसंच राहिलं. बाई टेबलाला धरून उठल्या. त्यांनी त्याच्या हातातून हेल्मेट घेतलं, आत पाहिलं, वास घेतला, आणि पुन्हा त्याच्यापुढे धरलं. "घाला." "आता?" "घाला म्हणते ना." त्याने घातलं. काच खाली केली. बाई पुढे आल्या, अगदी जवळ, त्यांच्या श्वासाने काच बाहेरून धुरकट झाली. मग त्यांनी एका बोटाने ती काच वर ढकलली आणि आत डोकावल्या. म्हाताऱ्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्याच्या मागे राग होता, असा राग की तो एक पाऊल मागे सरला आणि त्याची पाठ दाराच्या चौकटीला लागली. जाकिटाच्या आत त्याला घाम फुटला. घाबरणं म्हणजे काय असतं ते त्याला आता नीट कळत होतं. बाई बघत राहिल्या. त्यांना घाई नव्हती.

"मुलाला फोन लाव," त्या बायकोला म्हणाल्या. बायकोने लावून दिला. बाईंनी त्याच्यावरची नजर न काढता फोन कानाला धरला. "मी कुठे येत नाही," त्या म्हणाल्या. "नाही. ठरलं. ... तो? तो सापडला. माझ्यासमोर उभा आहे. ... नको, पोलीस कशाला. ... मी ओळखते त्याला." मग पलीकडून मुलाने काहीतरी विचारलं असावं, कारण बाई थांबल्या आणि त्यांनी त्याला आणखी एकदा न्याहाळलं, वाकड्या चष्म्यापासून सैल खांद्यांपर्यंत. "नाही," त्या म्हणाल्या. "चांगला वगैरे काही नाही. शेजारी आहे."

त्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "चहा तुम्ही करा," त्या त्याला म्हणाल्या. बायको उठत होती, तिला त्यांनी हाताने बसवलं. तो स्वयंपाकघरात गेला. जाकीट, हेल्मेट काहीच काढायचं त्याला सुचलं नाही. त्याने पाणी मोजून ठेवलं, गॅस पेटवला, पत्तीचा डबा शोधू लागला. वर्षानुवर्षं या घरात राहून तो डबा कुठे असतो ते त्याला माहीत नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. बाहेर दोघी त्याच्याबद्दल बोलत होत्या, आणि आवाज खाली आणायची गरज दोघींपैकी कोणालाही वाटत नव्हती.